हॅलिबर्टनची पोटरी आणि माझे २,४६,९२० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'किती गेले हो?' विचारण्यासाठी कुणाला ताटकळायला नको. दोन लाख शेहेचाळीस हजार नऊशे वीस, बास्केटबॉलच्या ऑनलाइन सट्ट्याच्या नावाखाली फसवून नेलेले. घरी अजून दीडच लाख माहीत आहेत.

मी जुगारी नाही. गणपतीत रात्र जागवायला पत्ते मांडतात, तिथंही मी चहा द्यायला उठणारा माणूस. पण बास्केटबॉल कळतो. कॉलेजच्या संघातून खेळलोय, आजही रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण गुडघे वाजवत कोर्टवर असतो, आणि एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, जॉर्डनच्या काळापासून बघतो. माझी गोम तिथंच होती. या लोकांना काहीच न कळणारा माणूस नको असतो. त्यांना थोडं कळणारा आणि त्याचा माज असणारा हवा असतो.

बास्केटबॉलच्या त्या ऑनलाइन ग्रुपमध्ये मी शिरलो २०२५ च्या फेब्रुवारीत. एनबीएतल्या व्हिक्टर वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गाठ निघाली आणि त्याचा सीझन संपला, त्या बातमीखाली कुणीतरी लिंक टाकली होती. चार महिने तिथं पैशाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. नुसत्या तरुण खेळाडूंबद्दलच्या गप्पा. अँथनी एडवर्ड्स कुठवर जाईल, ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग कुठल्या संघाला मिळेल. नव्या खेळाडूंमधून सगळ्यात आधी निवडायचा मान लॉटरीने ठरतो. डॅलसला तो मिळायची शक्यता १.८ टक्के होती आणि मे महिन्यात लॉटरी त्यांनाच लागली, तेव्हा ग्रुपच्या 'सरां'नी इतकं सुरेख विश्लेषण लिहिलं की मी ते मुलाला वाचून दाखवलं. सरांचा फोटो म्हणजे पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी. चार महिने कुणी फुकट शिकवत असेल तर तो फी नंतर घेणार, हे क्लासच्या या गावात राहून मला कळायला हवं होतं.

मग फायनल आली. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. थंडरकडे शे गिल्जस-अलेक्झांडर, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. सगळं जग थंडरच्या बाजूने, आणि सर म्हणाले पहिली मॅच पेसर्सची. मी सरांनी दिलेल्या अॅपवर ५,००० लावले. ६ जूनची सकाळ, कंपनीची बस चाकणला तळेगाव चौकात अडकलेली, आणि ०.३ सेकंद उरले असताना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनचा शॉट आत. १११-११०. पेसर्स अख्ख्या मॅचमध्ये फक्त त्या ०.३ सेकंदांपुरते पुढे होते. मी बसमध्ये ओरडलो. अॅपमध्ये ५,००० चे १७,००० दिसले. २,००० काढून बघितले, दहा मिनिटांत खात्यात. पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी साडी सेंटरचं होतं. मी म्हटलं, असेल.

आता ते सांगतो, जे आठवलं की अजून कानशिलं तापतात. रविवार, ८ जून. खेळून झाल्यावर चहाला उभे होतो. आमच्यातला एक सहा फुटी म्हणाला, "माझे पाच हजार बुडाले रे, आमच्या सरांनी थंडर सांगितलं होतं." फोन दाखवला. तीच पांढरी दाढी. तीच शिट्टी. ग्रुपचं नावही तेच, पुढे फक्त एक आकडा वेगळा.

अर्ध्यांना हे सांगायचं, अर्ध्यांना ते. हरलेले गळतात, जिंकलेले देव मानतात. हे गणित तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. टोरांटोचा खेळाडू जाँटे पोर्टरला सट्ट्यापायी एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने आजन्म बंदी घातली, तेव्हा याच टपरीवर मी सगळ्यांना तासभर लेक्चर दिलं होतं की सट्ट्यात आतून कसं पोखरलेलं असतं. आणि आता मी काय म्हणालो? "तुझा ग्रुप डुप्लिकेट असेल. माझा ओरिजिनल आहे." चहाचा ग्लास हातात धरून, पूर्ण आत्मविश्वासाने. तो बिचारा त्याच दिवशी बाहेर पडला. पाच हजारांत सुटला.

पुढचं थोडक्यात. तिसऱ्या मॅचला २०,०००. सहाव्याला २५,०००. दोन्ही पेसर्स जिंकले, आणि अॅपमध्ये २,८६,४०० दिसायला लागले. दर वेळी पैसे भरायचा क्यूआर वेगळा, नाव वेगळं. (क्यूआर बदलला की थांबा. एवढं एक पाळलं असतं तर आज हे लिहीत नसतो.) सातव्या मॅचला आणखी ६०,००० घातले आणि सगळेच्या सगळे पेसर्सवर लावले.

हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या मॅचपासून दुखावलेली होती. मला माहीत होतं. २३ जूनला पहाटे साडेपाचला मॅच सुरू झाली, बायको डबा करत होती. त्याने पहिल्या काही मिनिटांतच तीन थ्री मारले, नऊ पॉइंट. मग बॉल घेऊन निघाला आणि तसाच कोसळला. जमिनीवर हात आपटत होता. अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटली. पंचवीस वर्षांचा पोरगा, आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच, आणि माझ्या मनात पहिला विचार आला ३,४६,४०० चा. याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते. थंडर १०३-९१ ने जिंकले.

इथं थांबलो असतो तर १,१०,००० गेले असते, वरचे २,००० मिळालेले. पण दहा वाजता सरांचा मेसेज आला. स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला उतरलेला खेळाडू, पहिल्या क्वार्टरमध्ये जखमी झाला तर कंपनी पैसे परत देते, तुमचे ३,४६,४०० वॉलेटला जमा. उघडून बघितलं तर खरंच होते. काढायचे तर आधी ३० टक्के टीडीएस भरा, १,०३,९२०.

आता हसा. पण ३० टक्के हा दर खरा आहे हो, ऑनलाइन गेमच्या जिंकलेल्या पैशावर तेवढाच टीडीएस लागतो, पेपरात वाचलेलं. खरा आकडा बघितला आणि माझी शंका फिटली. टीडीएस देणारा कापून घेतो, तो आपण आधी भरायचा नसतो, हे दर महिन्याला पगाराची स्लिप बघणाऱ्या माणसाला सुचू नये? मुलाच्या अकरावीसाठी ठेवलेली एफडी मोडली. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख, म्हणून तेवढे कंपनीच्या कॅन्टीनमधून, आणि वरचे ३,९२० संध्याकाळी बायकोच्या फोनवरून, "मित्राला द्यायचेत" सांगून. दुसऱ्या दिवशी 'खाते पडताळणी' म्हणून ३५,०००. तिसऱ्या दिवशी २८ टक्के जीएसटी मागितला, ९६,९९२, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पैसे उरले नव्हते, म्हणून आलं असेल.

त्या रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तुम्ही माझ्यासारखे तोंड लपवून दोन दिवस बसू नका, पैसे गेले त्या तासाला लावा. तेवढ्यात रक्कम पुढे सरकलेली नसली तर अडवता येते. माझ्या रकमेतले ११,३०० कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले. ते परत हवेत तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं.

आणि पोलीस. घर एका आयुक्तालयात, पैसे पाठवले तेव्हा मी चाकणला, म्हणजे दुसऱ्या आयुक्तालयात, आणि बँकेची शाखा तिसऱ्याच ठाण्याच्या हद्दीत. तिन्हीकडे गेलो. पहिल्या ठिकाणी पालखीचा बंदोबस्त नुकता संपलाय, साहेब रजेवर. दुसऱ्या ठिकाणी तीन तास बाकड्यावर बसवून सांगितलं, राहता तिथं जा. तिसऱ्या ठिकाणी एक साहेब भेटले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या हवालदाराला म्हणाले, "बास्केटबॉल! आयपीएल तरी खेळायचं." दोघं हसले. मग म्हणाले, तुम्ही सट्टा खेळलात, आधी तुमच्यावरच कारवाई होईल, बघा काय करायचं ते. स्क्रीनशॉटच्या ४२ पानांच्या झेरॉक्स मी तीनदा काढल्या. सायबर गुन्ह्याची तक्रार, आणि पेनड्राइव्ह नको, कागद हवा!

ही धमकी बरेच जण ऐकतात आणि घरी जातात, म्हणून सांगतो. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैशाचे खेळ चालवणारा, जाहिरात करणारा आणि त्याचे पैसे फिरवणारा गुन्हेगार आहे, खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पोच मिळेपर्यंत बाकड्यावरून उठू नका.

बँकेत मॅनेजर बाईंनी शांतपणे विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग?" विषय संपला.

माझी पैज कुठेच लागलेली नव्हती, हे कळायला मला महिना लागला. ते अॅप म्हणजे नुसते रंगवलेले आकडे. हॅलिबर्टनने पन्नास पॉइंट केले असते तरी मला दमडी मिळणार नव्हती. मी मात्र आठवडाभर त्याच्या पोटरीला शिव्या घालत होतो.

मुलगा विचारतो, बाबा, आता मॅच का बघत नाही? २६ जूनला सकाळी डॅलसने फ्लॅगला निवडलं, तो नाचत सांगायला आला, आणि मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

आणि ते २,०००? साडी सेंटरकडून आलेले. तेही कुणा फसलेल्या माणसाचेच निघाले. त्याने त्याच्या राज्यात तक्रार केली, माग काढत ते माझ्या खात्यापर्यंत पोचले, आणि ऑगस्टच्या पगाराच्या दिवशी माझं खातं गोठलं. माझ्या अडीच लाखांचा माग कुणाला लागत नाही, याच्या दोन हजारांचा लागला. खातं सोडवायला बँकेने एक फॉर्म दिला. त्यात रकाना होता, 'सदर रक्कम कशापोटी प्राप्त झाली?' बराच वेळ पेन धरून बसलो, मग लिहिलं, पेसर्स जिंकले म्हणून. काउंटरवरच्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, "काका, हे खोडून दुसरं लिहा."