बडोद्याहून वेळावदर: एका मुक्कामाच्या सहलीविषयी

बडोद्यातील एका सहल-संस्थेबरोबर जानेवारीत आम्ही चौघे भाल प्रदेशातील वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात एक मुक्काम करून आलो. दांडिया बाजारातून पहाटे साडेपाचला निघालेली गाडी तारापूर, वटामण, धोलेरा या मार्गाने दहाच्या आत पोहोचली. गाडी, चालक आणि मुक्कामाची जागा यांविषयी काहीच तक्रार नाही. जेवणात भालिया गव्हाच्या पोळ्या होत्या, हे आवर्जून सांगतो.

या सहलीचा खरा लाभ म्हणजे उद्यानाच्या फाटकावर सोबत घेतलेला स्थानिक वाटाड्या. १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे गवताळ माळरान पूर्वी भावनगर संस्थानाची वीडी, म्हणजे राखीव कुरण होते आणि पाळीव चित्ते सोडून येथे काळविटांची शिकार होत असे, हे त्याने सांगितले. मग गाडी थांबवून त्याने वाटेच्या कडेचा नीलगायीच्या लेंड्यांचा ढीग दाखवला आणि एक लेंडी काडीने फोडली. आत गांडा बावळाच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या, गुळगुळीत तपकिरी बिया जशाच्या तशा होत्या. शेंगा गोड असल्यामुळे जनावरे त्या आवडीने खातात, बी पोटातून सहीसलामत बाहेर पडते आणि जिथे पडते तिथे झुडपांची दाटी होऊन खालचे गवत हटते. लांबवरचा लांडगा वेळीच हेरून मोकळ्यावर धूम ठोकणाऱ्या काळविटाला असे रान अडचणीचेच, म्हणून वनखात्याला ही झुडपे पुनःपुन्हा काढावी लागतात.

संध्याकाळी भोवत्या पाहिले. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या शेतांवर नाकतोडे, टोळ टिपत फिरतात आणि सूर्यास्ताला झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर, रात्रीसाठी उतरतात. आधी दोन-तीन, मग चाळीसपर्यंत मोजले आणि मोजणे सोडले. प्रत्येक पक्षी गवताच्या शेंड्यांवरून एक-दोन घिरट्या घेई आणि पंख मिटून दिसेनासा होई. नेमक्या त्याच वेळी संस्थेच्या समन्वयकाला चहाची घाई झाली होती. सकाळपासून तो ‘लांडगा दिसला तर पैसे वसूल’ एवढेच म्हणत होता, त्यामुळे नवल वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी ‘हरित उपक्रम’ म्हणून प्रत्येकाच्या हाती कडुनिंबाचे रोप देऊन मुक्कामालगतच्या मोकळ्या माळावर खड्डे खणायला लावले. ज्या माळावरची झुडपे हटवण्यात वनखाते गुंतले आहे, त्याच्याच शेजारच्या गवतात पर्यटकांकडून झाडे लावून घेणे हा अज्ञानाचा प्रकार आहे. माळ म्हणजे उजाड पडलेले जंगल नव्हे, हे निदान निसर्गसहली विकणाऱ्यांना तरी ठाऊक असायला हवे. आमच्या घरची चारही रोपे आम्ही परत आणली.

शेवटचा आक्षेप माहितीपत्रकावर. पहिल्याच पानावर गवतातून उंच उडी घेणारा, तणमोर या माळरानी पक्ष्याचा नर छापला आहे. त्या उड्या पावसाळ्यात, विणीच्या हंगामातल्या; आणि उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. भोवत्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, वाटाड्याला संध्याकाळचा पूर्ण वेळ मागून घ्यावा, आणि संस्थेने ते चित्र बदलेपर्यंत तणमोराच्या आशेने पैसे भरू नयेत.