गच्चीवरचा गुलाब आणि मे महिना: झारी, नळी की ठिबक?

आधी एक गोष्ट नक्की करा: गुलाब जमिनीत आहे की कुंडीत? झारी बरी की ठिबक, हा प्रश्न त्यानंतरचा.

आवारातल्या मातीत तीन-चार वर्षं रुजलेलं झाड सोशिक असतं. मुळं खोल गेलेली असतात, वरची माती तापली तरी खाली ओल टिकते. तोच गुलाब, समजा ग्लॅडिएटर जातीचा, बारा इंची कुंडीत घालून गच्चीच्या फरशीवर, पश्चिमेच्या उन्हात ठेवा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. अशात एक दिवस पाणी चुकलं तरी कळ्या माना टाकतात. त्यात कुंडी काळ्या प्लॅस्टिकची असेल तर कडेची मुळं अक्षरशः शिजतात. मातीची कुंडी पाणी जास्त पिते, पण मुळं गार ठेवते. मी उन्हाळ्यासाठी तिलाच पसंती देईन.

जमिनीतल्या झाडाचा हिशोब सोपा आहे: आठवड्याला साधारण एक इंच पाणी धरायचं. एक चौरस मीटरवर एक इंच पाणी म्हणजे साधारण २५ लिटर. मोठ्या झाडाचं आळं अर्धा चौरस मीटर धरलं, तर आठवड्याला एक इंचासाठी १२-१३ लिटर लागतात. ऐन उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा, म्हणजे आठवड्यातून दोनदा एकेक मोठी बादली. माती मुरमाड असेल तर हेच पाणी तीन वेळांत विभागून द्या. एवढ्यासाठी ठिबकचा खटाटोप कशाला? बुंध्यापासून वीतभर सोडून गोल आळं करा, नळी मंद सोडून त्यात ठेवा, पाणी मुरू द्या आणि पुन्हा भरा. वर उसाचं पाचट किंवा वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या, फक्त तो बुंध्याला चिकटू देऊ नका. नळीच्या तोंडावर अंगठा धरून रोज संध्याकाळी भुरभुर पाणी मारणं मात्र सगळ्यात वाईट. वरची दोन बोटं माती भिजते, झाडाची मुळं तिथेच घुटमळतात आणि उन्हात आधी तीच सुकतात.

झाडाशेजारी पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहणं, हाही जमिनीसाठी चांगला पर्याय आहे. माती जितकी कोरडी, तितकं ते जास्त पाझरतं. झाकण मात्र हवंच, नाहीतर डासांची सोय होते. बोअरच्या जड पाण्याने मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात, हेही लक्षात ठेवा.

खरी निवड कुंड्यांच्या बाबतीत करावी लागते. मावळातल्या पॉलीहाउसमधला गुलाब ठिबकवर वाढतो, मग आपल्या गच्चीवर का नको, असं बरेच जण म्हणतात. तिथे पंप असतो, फिल्टर असतो, दाब असतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीत आणि कुंडीत उंचीचा फरक असतो दीड-दोन मीटरचा. १० मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, तेव्हा इथे दाब नावापुरताच. परिणामी टाकीजवळची कुंडी तुडुंब भरते आणि टोकाची तहानलेली राहते. दाब-नियंत्रित ड्रिपर (ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या) इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. पिळून कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर घ्या आणि प्रत्येकाखाली दहा मिनिटं वाटी ठेवून पाणी मोजा. पाकिटावरच्या ‘ताशी चार लिटर’वर विसंबू नका. बारा इंची कुंडीला मेमध्ये रोज दीड-दोन लिटर लागतं, त्यावरून वेळ ठरवा. कुंडीतल्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर एका कुंडीला दोन ड्रिपर लावा, कारण एकाच थेंबाचं पाणी सरळ खाली उतरतं आणि बाजू कोरड्या राहतात.

झारीला यातलं काहीच लागत नाही, लागतो तो माणूस. पण झारी घेऊन उभं राहिलं की झाड बघितलं जातं, आणि ठिबकवाल्यांचं नेमकं तेच सुटतं. पान उलटून पाहा: बारीक फिकट ठिपके, शिरांजवळ कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो फोफावतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराच आटोक्यात येतो.

सकाळ की संध्याकाळ? सकाळच. मात्र सोसायटीत पाणी संध्याकाळीच येत असेल, तर मुळाशी घालायला हरकत नाही, पानं तेवढी कोरडी ठेवा. पानं तासन्‌तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो, आणि वळवाचे पाऊस सुरू झाले की ही भीती वाढते. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत काढा.

दुपारी तीनला पानं मलूल दिसली म्हणून लगेच धावू नका. संध्याकाळी सावरली तर तो फक्त उन्हाचा ताण. सकाळीही ती तशीच असतील, तर बोट दोन इंच मातीत घालून बघा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओल लागली तर निचरा तुंबलाय, आणि अजून पाणी घातलंत तर मुळं कुजतील.

एसीचं पाणी खुशाल वापरा. आरओचं टाकाऊ पाणी नको, गुलाबाला क्षार सोसत नाहीत. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसली, तर खालून पाणी वाहेपर्यंत साध्या पाण्याने माती एकदा धुऊन काढा.

थोडक्यात कौल द्यायचा, तर आठ-दहा कुंड्या आणि सकाळी घरात कोणी असेल, तर झारी. वीसच्या वर कुंड्या असतील किंवा मेमध्ये गावी जाणार असाल, तर टायमरसह ठिबक, पण निघण्याआधी पंधरा दिवस लावून बघा. ठिबक नाही आणि आठवडाभर कोणीच नाही? मग कुंड्या पूर्वेच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, उमलू लागलेल्या कळ्या खुडा आणि शेजाऱ्यांना दिवसाआड एक फेरी मारायला सांगा.