ब्रोकोली घ्यावी की साधा कोबी?

सल्फोराफेन, म्हणजे कर्करोगाला अटकाव करेल का म्हणून अभ्यासलं जाणारं भाजीतलं द्रव्य, हवं असेल तर ब्रोकोलीच उजवी. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांच्या गटाने ते तिच्यातूनच वेगळं केलं, आणि पुढचं बरंचसं संशोधनही तिच्यावरच झालं. कोबीत सिनिग्रिन हे दुसरं द्रव्य जास्त. मोहरीचा झणका त्यातूनच येतो. प्रयोगशाळेत दोन्हींचे परिणाम आशादायक आहेत. माणसांत कर्करोग टळतो असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून औषध समजून कुठलीच खाऊ नये.

खरी मेख मायरोसिनेज या एन्झाइमची. सल्फोराफेन भाजीत आयतं नसतं. चिरताना पेशी फुटल्या की हे एन्झाइम भाजीतल्या एका मूळ द्रव्यापासून ते तयार करतं. उकळलं की एन्झाइम मरतं, आणि ते मूळ द्रव्यही पाण्यात उतरून पाण्याबरोबर फेकलं जातं. म्हणून तुरे बारीक चिरून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावेत, मग तीन-चार मिनिटंच वाफवावेत. चिरल्यावर धुऊ नयेत. गोठवलेली ब्रोकोली कारखान्यातच उकळत्या पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे तिच्यात एन्झाइम जवळपास उरत नाही.

म्हणजे ब्रोकोली ताजीच हवी, आणि माझं घोडं तिथेच अडतं. फ्रीजमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुरे पिवळे पडतात, देठ लिबलिबीत होतो. आठवड्याचा बाजार एकदाच करणाऱ्याला हे परवडत नाही. कोबीचा गड्डा दहा-बारा दिवस करकरीत राहतो. वरची दोन पानं काढली की झालं.

शिवाय कोबी आपण कच्चाही खातो. पचडीत एन्झाइम शाबूत राहतं, झाकण ठेवून गाळ शिजवलेल्या भाजीत नाही. मोहरीतही हे एन्झाइम असतं, पण फोडणीत तडतडलेली मोहरी त्या कामाची नाही. फेसलेली मोहरी मात्र आहे: चमचाभर मोहरी कुटून गार पाण्यात नाकाला झणका लागेपर्यंत फेसावी. दही किंवा लिंबू नंतर, दहा मिनिटांनी. आंबट आधी पडलं तर झणका नीट उठत नाही. गरम पाणी तर नकोच.

ब्रोकोलीच आवडत असेल तर शिजल्यावर, जरा निवली की हीच मोहरी घाला. रेडिंग विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीपूड घातल्यावर शरीराला चौपटीहून जास्त सल्फोराफेन मिळालं. या युक्तीने गोठवलेलं पाकीटही बऱ्यापैकी कामी येतं.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं, आणि ब्रोकोलीत ते कोबीपेक्षा जास्त असतं.