डीएनए दुरुस्ती मोजायची: कॉमेट घ्यावी की गॅमा-एच२एएक्स?

साताऱ्या-सांगलीतल्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ‘चेतापेशींचे वार्धक्य आणि डीएनए दुरुस्ती’ हा विषय घेणार असाल, तर आधी नेमकी कोणती दुरुस्ती मोजायची ते ठरवा. चेतापेशी विभागत नाहीत आणि ऑक्सिजन भरपूर वापरतात. त्यामुळे त्यांच्या डीएनएत ८-ऑक्सोग्वानिन (ऑक्सिजनने बिघडलेले ग्वानिन) तयार होत राहते. ओजीजी१ हे विकर ते काढते, एपीई१ धागा कापते, पॉलिमरेज बीटा रिकामी जागा भरते आणि लायगेज ३ सांधा जोडते.

या साखळीविषयी प्रश्न असेल तर कॉमेट घ्या; या चाचणीत जेलमधल्या पेशींवर वीज लावली की तुटका डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. गॅमा-एच२एएक्स हे प्रतिपिंडाने दिसणारे प्रथिन, म्हणजे मुख्यतः डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याची खूण. ओजीजी१बद्दल ती जवळपास काही सांगत नाही.

मात्र साध्या कॉमेटमध्येही ८-ऑक्सोग्वानिन दिसत नाही. लायसिस म्हणजे पेशी फोडणे (२.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, ट्रायटन, पीएच १०, ४ अंशांवर किमान तासभर) झाले की स्लाइड धुऊन ८-ऑक्सोग्वानिनच्या जागी धागा कापणारे एफपीजी विकर घालून ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा. शेजारी नुसत्या बफरची स्लाइड हवीच; दोन्ही शेपट्यांतला फरक हेच तुमचे माप. इजा करायला पोटॅशियम ब्रोमेट बरे, कारण हायड्रोजन पेरॉक्साइड धागेच इतके तोडते की हा फरक बुडून जातो. नमुने ०, १ आणि ४ तासांनी घ्या. एकाच वेळच्या मापातून नुकसान कळते, दुरुस्तीचा वेग नाही.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये इलेक्ट्रोफोरेसिसची (जेलला वीज लावण्याची) टाकी बर्फात आणि बफर ४ अंशांवर ठेवा; गरम अल्कलीत शेपट्या उगाच लांबतात. मध्येच वीज गेली तर ती तुकडी फेकून द्या. चांदीचे रंजन केलेत तर साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, पुण्या-कोल्हापूरची वारी वाचते.

गॅमा-एच२एएक्स कुठे सरस? मेंदूच्या कापात न्यूएन (चेतापेशी ओळखणारे) प्रतिपिंड जोडले की इजा नेमकी चेतापेशीत आहे का ते दिसते. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक मात्र लागतोच. म्हाताऱ्या ऊतीत साठणारे लिपोफुसिन हे रंगद्रव्य स्वतःच चमकते आणि खोटे ठिपके दाखवते. ७० टक्के अल्कोहोलमधील सुदान ब्लॅकने ती चमक दाबा, शिवाय प्राथमिक प्रतिपिंडाविना एक काप ठेवा.

प्राण्यांच्या परवानगीला वेळ लागतो, म्हणून एसएच-एसवाय५वाय (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेता-अर्बुदाच्या) पेशी घेणार असाल, तर १० मायक्रोमोलर रेटिनोइक आम्लावर ५ ते ७ दिवस वाढवून त्यांचे विभाजन आधी मंदावू द्या. कारण विभागणाऱ्या पेशीत डीएनएची प्रत बनतानाही गॅमा-एच२एएक्स वाढते.