टँकमधलं लाकूड: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मुलुंडला आमच्याकडे माशांचा अडीच फुटी टँक आहे, गोड्या पाण्याचा. त्यात निऑन टेट्रा हे छोटे मासे, चार कोरी (तळाशी फिरणारे मासे) आणि एक ब्रिसलनोज प्लेको, म्हणजे तोंडाने चिकटून राहणारा मासा. आत सजावटीची दोन लाकडं आहेत, एक मलेशियन ड्रिफ्टवुड आणि एक स्पायडर वुड, दोघांनाही आता आठ महिने झाले.

पण त्याआधी एक तिसरं घेतलं होतं ते आधी सांगतो, कारण त्यातनंच मी शिकलो. दुकानदाराने "टँकचंच आहे" म्हणून दिलेलं, एकदम चकचकीत, काळपट ब्राऊन. घरी आईच्या जुन्या टोपात उकळायला ठेवलं आणि दहा मिनिटांत पाण्यावर तेलकट तवंग, किचनभर पॉलिशचा वास. चिमट्याने काढून सुरीने खरवडलं तर वरचा रंग पापुद्र्यासारखा निघून आला आणि आत पांढरट मऊ लाकूड, नख रुतेल असं. सरळ फेकलं. व्हार्निश किंवा रंग लावलेलं लाकूड कितीही उकळलं तरी माशांसाठी नाही म्हणजे नाही.

पुढचं मग क्रॉफर्ड मार्केटमधून आणलं आणि तिथेच बादलीत टाकून बघितलं. मलेशियन लगेच तळाला गेलं, जड आणि घट्ट, वास फक्त ओल्या मातीचा. स्पायडर वुड मात्र बुचासारखं तरंगत होतं, ते तरंगतंच, त्यात खराबी काही नाही, फक्त धीर धरावा लागतो. मी दोन्ही दोन-दोन तास उकळली, मग बादलीत ठेवून रोज पाणी बदललं, मलेशियन तीन आठवडे आणि स्पायडर वुड जवळपास दोन महिने, तरी त्याला शेवटी खाली एक सपाट दगड बांधावाच लागला.

टँकमध्ये टाकल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. घरचे घाबरले, पण ते टॅनिन, लाकडातून सुटणारा तपकिरी रंग, माशांना त्रास होत नाही. मी दर रविवारी ३० टक्के पाणी बदलत राहिलो आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घातला, दीड महिन्यात रंग फिका झाला. पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ७.४ वरनं ६.८ वर आला, टेट्रांना तर असंच पाणी आवडतं. फक्त पीएच मोजायचं किट वापरून बघत राहा, आपल्याकडचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असेल तर पीएच पटकन उतरतो.

सहाव्या दिवशी स्पायडर वुडवर पांढरी कापसासारखी बुरशी आली. बऱ्याच जणांना इथे लाकूड काढून टाकावंसं वाटतं, प्लीज काढू नका. ती लाकडातली साखर संपेपर्यंत राहते, जुन्या टूथब्रशने घासली की बास. आमच्या प्लेकोने तर स्वतःच चाटून साफ केली, आणि मलेशियन लाकडावर त्याच्या तोंडाचे फिकट गोल गोल डाग अजून दिसतात, रात्री टॉर्च मारला की तिथेच चिकटलेला असतो. त्याला लाकूड खरंच आवडतं, तो ते खरवडत बसतो. त्याच लाकडावर दोऱ्याने ॲन्युबियस हे पाण्यातलं रोप बांधलंय, आता मुळांनी स्वतःच धरलंय.

जुहूला किंवा दादरला पावसाळ्यात वाहून आलेली लाकडं फार सुंदर दिसतात, मलाही मोह झाला होता, पण नको, मीठ आतपर्यंत गेलेलं असतं आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात तेही चिकटलेले असतात. पाइन, देवदार, नीलगिरी ही चीक आणि तेलवाली झाडं नकोच, आणि सोसायटीच्या बागेतली कण्हेर तर अजिबात नको, ती सगळीच विषारी असते. ओली फांदीही नको, आत रस असतो, पाणी सडतं.

मलेशियन आठ महिन्यांत तसंच आहे, एक कोपराही झिजला नाही. स्पायडर वुडच्या बारीक टोकांना मात्र गेल्या आठवड्यात नख लावलं तर दोन टोकं भुसभुशीत लागली, ती येत्या रविवारी पाणी बदलताना कापून काढतोय.