दोन घुमटांच्या मधून वर: फ्लॉरेन्सचे कॅथेड्रल

फ्लॉरेन्समध्ये मुक्काम दोनच दिवसांचा असला, तरी त्यातला अर्धा दिवस सांता मारिया देल फियोरे या कॅथेड्रलच्या घुमटासाठी राखून ठेवावा. गुडघे साथ देत नसतील, तर मात्र इमारत बाहेरून पाहून समाधान मानले तरी फारसे काही चुकणार नाही. आत प्रवेश विनामूल्य असल्यामुळे रांग मोठी लागते आणि तासभर उन्हात उभे राहून आत गेल्यावर बहुतांशी कोऱ्या भिंती समोर येतात. दारावरच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोने १४४३ साली रंगवलेले चोवीस तासांचे घड्याळ मात्र चुकवू नये, कारण त्याचा काटा उलटा फिरतो आणि दिवस सूर्यास्ताला संपतो.

पांढऱ्या, हिरव्या आणि तांबूस संगमरवराचा जो दर्शनी भाग सगळे जण छायाचित्रांत टिपतात, तो प्रबोधनकाळातला नाही. कॅथेड्रलचा पाया १२९६ साली घातला गेला असला, तरी ही दर्शनी बाजू पूर्ण झाली १८८७ साली. ती सुंदर आहे, पण मला जरा जास्तच नटवल्यासारखी वाटली. खरा चमत्कार तिच्या मागे, डोक्यावर आहे.

घुमटावर जाण्यासाठी दिवस आणि वेळ ठरवून आधीच तिकीट काढावे लागते आणि ऐनवेळी ते मिळण्याची आशा धरू नये. आम्ही घाईत एका मध्यस्थ संकेतस्थळावरून तिकिटे घेतली आणि त्यात ‘कॅथेड्रल प्रवेश’ या नावाखाली, जो सर्वांना फुकटच आहे, त्याचेही पैसे मोजून बसलो. तेव्हा तिकीट कॅथेड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे.

पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. सुरुवातीचा जिना अरुंद आणि अंधारा असून मधूनमधून भिंतीतल्या फटीएवढ्या खिडक्यांतून वारा येतो तेवढाच दिलासा. पुढे घुमटाच्या आतल्या कडेने जाणाऱ्या सज्जावर पोहोचलो, की डोक्यावर ‘अंतिम न्याय’ हे प्रचंड भित्तिचित्र येते. वसारीने ते १५७२ साली सुरू केले आणि झुक्कारीने १५७९ मध्ये संपवले. जवळून पाहताना त्यातल्या आकृती काहीशा ओबडधोबड दिसतात. खाली उभ्या असलेल्या माणसासाठी काढलेले चित्र इतक्या जवळून पाहिल्यावर दुसरे काय होणार!

या सज्जानंतर जे सुरू होते, त्यासाठी पैसे मोजावेत. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने बांधलेला घुमट एक नसून दोन आहेत, एकाच्या आत दुसरा, आणि जिना त्या दोहोंच्या मधल्या पोकळीतून वर जातो. एका बाजूची भिंत अंगावर झुकत येते, दुसरी पायांखाली वळत जाते आणि शेवटी तर आतल्या घुमटाच्या पाठीवरूनच आपण चढत असतो. इथे विटा उघड्या दिसतात. आडव्या थरांत ठरावीक अंतराने एकेक वीट उभी बसवलेली असून या उभ्या विटांची रांग माशाच्या काट्यासारखी तिरकी वर सरकत जाते. माझे वडील बांधकामाचे ठेकेदार असल्याने सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून टेकू देणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्याशिवाय, स्लॅब पडत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. इथे सुमारे ४५ मीटर रुंदीचे भगदाड झाकायचे होते आणि एवढ्या उंचीवर तेवढे लाकडी सेंटरिंग उभारणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने, जो मुळात सोनारकाम शिकलेला होता, खालून आधार न देताच घुमट उभा केला. चुना ओला असताना आत कललेल्या थरातल्या विटा निसटू नयेत म्हणून त्या उभ्या विटा त्यांना अडवून धरत, आणि एक कडे पूर्ण झाले की ते स्वतःच्याच बळावर उभे राही. विजापूरच्या गोल घुमटात आपण आवाज ऐकायला जातो. इथे विटांवरून हात फिरवायला यावे.

वर लाल कौलांचे शहर आणि पलीकडच्या टेकड्या दिसतात. दृश्य छान आहे, पण त्यात घुमटच नसतो! त्यासाठी शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याच्या ४१४ पायऱ्या वेगळ्या चढाव्या लागतात. उतरताना आणि चढताना माणसे समोरासमोर येतात, अंग चोरून उभे राहावे लागते. कोंडल्याची भीती वाटणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. भिंतींवर नावे कोरलेली आहेत. मी मुद्दाम शोधले, देवनागरी कुठे दिसले नाही, याचे बरे वाटले.

घुमटाच्या तिकिटावर संग्रहालयही पाहता येते. शेजारच्या बाप्तिस्मागृहासाठी गिबेर्तीने घडवलेली मूळ कांस्यद्वारे आणि मायकेलअँजेलोचे अपुरे शिल्प तिथे आहे, पण मी रेंगाळलो तो बांधकामात ओझी उचलायच्या जुन्या कप्प्यांपाशी आणि अवजारांपाशी. ब्रुनेलेस्कीने बनवलेल्या यारीची, म्हणजे ओझे उचलणाऱ्या यंत्राची, करामत अशी, की ती फिरवणाऱ्या बैलांची दिशा न बदलता ओझे वर किंवा खाली नेता येई.

बाहेर पडल्यावर कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला फरसबंदीत एक गोल पांढरा संगमरवर शोधावा. घुमटाच्या टोकावर वेरोक्क्योने बसवलेला सोनेरी गोळा वीज पडून जिथे कोसळला, ती ही जागा. आम्ही पोहोचलो तेव्हा एक कुटुंब नेमके त्याच्यावर उभे राहून आइस्क्रीम खात होते.