कार्प मासा गळाने पकडताना सरकते वजन की लीड क्लिप?

दोरीवर शिसं लावायच्या या दोन्ही पद्धतींचा पुढचा भाग सारखाच: स्विव्हलला (फिरत्या कडीला) बांधलेला साधारण 15 ते 20 सेंमीचा हूकलिंक, म्हणजे गळाचा छोटा दोरा, आणि गळाच्या मागे केसासारख्या तुकड्यावर आमिष. हा दोरा गळाला बांधायची गाठ सोपी आहे. आमिषाचा फासा आधी करून घ्या, दोरा गळाच्या डोळ्यातून मागच्या बाजूने ओवा, दांड्याभोवती सात-आठ वेढे घट्ट लगटून द्या आणि टोक पुन्हा मागूनच डोळ्यातून काढा. पुढून काढलं तर गळ तिरपा बसतो. स्विव्हलची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून कमजोर होते.

फरक वजनाचा. सरकत्या प्रकारात शिसं मुख्य दोरीवर मोकळं फिरतं. अलगद चाव्याचीही चाहूल लागते आणि दोरी तुटली तरी मासा वजन ओढत फिरत नाही. मात्र वरच्या बाजूला जाड गाठ असेल तर शिसं तिथेच अडकतं, म्हणून दोरी अखंड हवी.

लीड क्लिपमध्ये, म्हणजे शिसं अडकवायच्या छोट्या क्लिपमध्ये, वजन जागेवर राहतं. कार्पने आमिष तोंडात घेऊन मान वळवली की त्या वजनानेच गळ रुततो. जिथे पाणवनस्पती दाट, तिथे मी हीच निवडेन, कारण शिसं अडकलं तर ते सुटतं आणि मासा त्यापासून मोकळा होतो. पण शिसं क्लिपवर धरून ठेवणारी रबरी टोपी हलकीच बसवा. फेकताना शिसं निघू नये म्हणून ती ठासून बसवणं मला अजिबात मान्य नाही; त्याने क्लिपचा जीवच जातो. बोटाने ओढून शिसं सुटतं का, ते दर वेळी पाहा.

नवशिक्यांनी मोकळ्या पाण्यात सरकत्या वजनापासूनच सुरुवात करावी.